टाचण्या तोंडात असताना

हुंऽ हुंहुं हुंऽ...

ओठ मिटलेले, ओठांच्या कडेला टाचण्यांची रांग, आणि त्या रांगेच्या मागून येणारा तो आवाज. शब्द एकही नाही. तरी मावशीच्या शिलाई मशीनखाली, चिंध्यांच्या ढिगात बसलेल्या लहान मुलीला त्यातलं सगळं कळायचं. लांब, सरळ निघालेला हुंकार म्हणजे बाही मुंढ्यात नीट बसतेय, जगाचं बरं चाललंय. तुटक हुंकार म्हणजे कातर सापडत नाही, आणि ती तुझ्याकडे असेल तर मुकाट्यानं पुढे सरकव. शेवटाला वर उचललेला हुंकार म्हणजे भूक लागली का गं? आणि दिवेलागणीच्या सुमाराला, पायऱ्या उतराव्या तसा खाली खाली येणारा एक हुंकार होता. त्याचा अर्थ, मी आहे. बस, एवढाच. मी आहे.

आई गेल्यावर ती मुलगी मावशीच्या घरी आली तेव्हा कुणाशी बोलत नव्हती. एक दिवस तिनं डब्यातलं बटण उचलून तोंडात टाकलं आणि दात घट्ट आवळले. काकांनी डोळे वटारले, मग गोळीची लालूच दाखवली. मावसभावानं नाक दाबून पाहिलं. पोरगी कशाला दाद देईना. शेवटी मावशीनं दोघांना बाजूला सारलं, जमिनीवर फतकल मारली, आपला तळवा तिच्या हनुवटीखाली धरला आणि हुं हुं करत बसून राहिली. रागावली नाही, विनवलं नाही. हात तेवढा हलवला नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मग बटण हळूच तळव्यात पडलं, कोमट, ओलं, आणि त्याच्यामागून अडकून राहिलेलं सगळं रडू.

"चला, शर्टाचं बटण वाचलं," मावशी म्हणाली.

तेव्हापासून तिचं नाव बटण. शाळा झाली, कॉलेज झालं, नावापुढे डॉक्टर लागलं, तरी घरात बटणच.

मोठेपणी बटणला नोकरी लागली तिथंही तोंड मिटून काम करायची रीत होती. इस्पितळाच्या मागच्या अंगाला, कपडे धुण्याच्या विभागावरच्या मजल्यावर त्यांची प्रयोगशाळा. पित्ताशयाच्या कॅन्सरवर तिथं संशोधन चालायचं. ऑपरेशनमध्ये काढलेल्या पित्ताशयाचा, पेशंटची परवानगी असेल तर, इवलासा तुकडा तिथं यायचा. त्याला नाव नाही, नुसता नंबर. तो पांढऱ्या थंड वाफेत खलात कुटायचा आणि त्यातून आरएनए वेगळा काढायचा. हा आरएनए म्हणजे लाजाळूचं झाड. बोटाचा घाम लागला, बोलताना तोंडातला तुषार उडाला, की त्याचे तुकडे तुकडे. म्हणून प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी पहिल्या दिवशी पहिला धडा दिला होता : उघड्या नळीवर बोलायचं नाही. मास्क असला तरी नाही.

त्यामुळे त्या खोलीतल्या गप्पा मोठ्या मजेशीर. "आणि मग सासूबाई मला काय म्हणाल्या असतील..." इथवर येऊन कुणीतरी झाकण उघडायचं, की सगळ्या सासवा-सुना हवेत लटकून राहायच्या. झाकण टक्‌कन बंद झालं की गोष्ट पुढे. बटणला ते आवडायचं. गप्प राहून काहीतरी जपता येतं, हे तिला लहानपणापासून ठाऊकच होतं.

"लोकांचं नुसतं पित्त खवळतं," काका गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमची भाची पित्ताशय खलबत्त्यात घालते." काका घड्याळं दुरुस्त करायचे. कोपऱ्यावर एका माणसापुरतं दुकान, भिंतभर घड्याळं, आणि प्रत्येकाची वेळ निराळी.

त्या वर्षी मावशीच्या उजव्या बरगडीखाली कळा येऊ लागल्या. तळलेलं खाल्लं की जास्त. तपासणीत पित्ताशयात खडे निघाले. काढून टाकू, साधं ऑपरेशन आहे, सर्जन म्हणाले. आदल्या दिवशी बटण तिच्या खाटेशी बसली होती.

"मावशी, तुझ्या पित्ताशयाचा एक तुकडा आमच्या लॅबला देशील? तुझी परवानगी लागते."

"अख्खं घे की. मला काय त्याचा झगा शिवायचाय?" मावशीनं सही ठोकली. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाली, "पण बटण, तुम्ही त्याचं करता तरी काय गं? इतकी वर्षं विचारीन विचारीन म्हणते."

बटणनं जरा विचार केला. "हे बघ. तुझ्याकडं कागदी नमुने असतात ना, कपाटात जपून ठेवलेले? पेशीतही असतात. मूळ नमुना कपाटातून हलवायचा नाही. त्याची नक्कल काढायची आणि नकलेवरून कपडा शिवायचा. ती नक्कल म्हणजे आरएनए."

"बरं."

"पण पेशी कितीतरी नकला अशा काढते, लांबच लांब, की त्यांच्यावरून कपडा कधी शिवलाच जात नाही. आधी सगळ्यांना वाटायचं, ही नुसती कतरण. केरात जायची. आता दिसतंय की त्यातल्या बऱ्याच काम करतात. कुठला नमुना उघडायचा, कुठला मिटून ठेवायचा, कुठं थांबायचं, ते सांगतात. दोन गोष्टी एकमेकींजवळ धरून ठेवतात. काम झालं की विरून जातात."

मावशी उशीवरून उठून बसली. "म्हणजे कच्चा टाका!"

"म्हणजे?"

"अगं, तयार कोटात कच्चा टाका दाखव बरं मला. नाहीच सापडणार. उसवून टाकलेला असतो. पण तो पडला तिथूनच शिवण गेली ना?" आणि बोटांनी खाटेच्या कडेवर ठेका धरून तिनं जुळवलंच :

"टीप मिरवी अंगावर, तिला सारे म्हणती छान,
कच्चा टाका उसवला, त्याचं कुणाला गं भान?"

"झालं हिचं सुरू," दारातून काका म्हणाले. ते तासभर उशिरा आले होते.

"घड्याळं लावी जगाची, याला वेळ नाही ठाव,
असा मिळाला नवरा, त्याला काय ठेवू नाव?"

शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा टाके धरून हसली. बटण म्हणाली, "मावशी, अगदी तसंच आहे. फक्त कॅन्सरमध्ये यातले काही टाके नको तिथं पडतात. भरमसाट पडतात. मग पेशींना थांबायचं भान राहत नाही. काही टाके उलट पडायचेच बंद होतात. पित्ताशयात ते नेमके कुठले, ते आम्ही शोधतोय. तुझा तुकडा खडेवाल्यांच्या रांगेत जाईल. कॅन्सर नसलेल्यांच्या. त्यांच्याशी ताडून बघतो आम्ही."

"म्हणजे मी चांगल्यांच्या रांगेत," मावशी म्हणाली आणि केसांवरून हात फिरवून ऐटीत बसली.

ऑपरेशन झालं, मावशी घरी आली. इकडे प्रयोगशाळेत नव्या तुकड्यांची तपासणी लागली. यंत्राच्या पडद्यावर प्रत्येक तुकड्याची एक रेघ उमटते. आरएनएचा जो धागा शोधायचा तो जितका जास्त, तितकी रेघ लवकर वर उठते. त्या दिवशी एका लांब धाग्याचा शोध चालला होता. कॅन्सरवाल्यांच्या रेघा भराभर उठल्या. खडेवाल्यांच्या आळसावून, मागाहून. त्यांच्यातली एकच रेघ रांग मोडून, कॅन्सरवाल्यांच्या हाताला धरून वर गेली.

बटणला वाटलं, नळ्या बदलल्या. तिनं उरलेल्या तुकड्यातून पुन्हा सगळं केलं, श्वास रोखून, पुन्हा तीच रेघ. "माझाच हात चुकला असणार," ती मॅडमना म्हणाली. "तुकडा घेतानाच अदलाबदल केली असेन." मॅडम म्हणाल्या, "एका रेघेवरून काही ठरत नसतं. शंकेच्या डब्यात ठेव." तिनं ती नळी शंकेच्या डब्यात ठेवली. चांगल्यांची रांग पुन्हा सरळ दिसू लागली.

काही दिवसांनी सर्जननी दादाला, म्हणजे मावशीच्या मुलाला फोन केला. काढलेल्या पित्ताशयाचा अहवाल आला होता. खड्यांच्या आड भिंतीत कॅन्सर सापडला होता. लहान आहे, पण भिंतीत आत शिरलाय. पुन्हा ऑपरेशन करून यकृताचा लगतचा भाग आणि जवळच्या गाठी काढायला हव्यात, आणि लवकर. पेशंटला मी सांगू का, त्यांनी विचारलं. आमचं आम्ही सांगतो, दादा म्हणाला.

त्याच दुपारी मॅडम बटणच्या टेबलाशी आल्या. "ती शंकेतली नळी बाहेर काढ. खडेवाल्यांतून कॅन्सरवाल्यांत घाल. तुझा हात चुकला नव्हता." त्यांनी नाव सांगितलं नाही, हिनं विचारलं नाही. सकाळीच दादाचा फोन येऊन गेला होता. ती नळी बर्फात होती, झाकण पक्कं लावलेलं होतं. आता बोलायला हरकत नव्हती. पण बटणनं झाकण आणखी एकदा दाबून बसवलं.

संध्याकाळी काकांच्या दुकानात खलबत झालं. दादा दुसऱ्या शहरात, तो फोनवर. फोन काउंटरवर, उघड्या घड्याळांच्या मध्ये ठेवलेला.

"आईला सांगायचं नाही," दादा म्हणाला. "एक खडा राहिलाय म्हणा, पुन्हा उघडावं लागेल म्हणा."

"दादा, ती काय लहान आहे?"

"बटण, तुला आठवत नसेल. मला आठवतं." दादा म्हणाला. "मावशीला, तुझ्या आईला, तो शब्द कळला आणि ती भिंतीकडं तोंड करून झोपली. मग वळलीच नाही."

काका डोळ्याला भिंग लावून एका बंद घड्याळात बघत होते. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. "हिनं तसं तोंड फिरवलं तर, बटण," ते हळूच म्हणाले, "मी कुणाकडं बघू गं?"

आईचं बटणला काही आठवत नव्हतं. भिंत तेवढी आठवत होती, फिकट निळी.

काकांनी घरी जाऊन एका खड्याची गोष्ट सांगितली. मावशीनं ती कान देऊन ऐकली आणि उडवून लावली. "राहिला असेल तर राहू दे. एका खड्यासाठी पुन्हा पोट फाडून घेऊ? एकदा टीप मारली की मारली. शिवण सारखी उसवली की कापड जातं, तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" काका म्हणाले, डॉक्टर म्हणतात. ती म्हणाली, डॉक्टरांना म्हणावं, खडा सांभाळून ठेवलाय, लागला तर मागून न्या. दादानं फोनवर आर्जवं केली, रागावला. तिनं फोन काकांच्या हातात दिला आणि भाजी निवडायला बसली.

दिवस जाऊ लागले. सर्जनच्या ऑफिसातून विचारणा झाली, तारीख पक्की करायची का? काका म्हणाले, कळवतो. खोटं छानपैकी शिवून झालं होतं, पण ते मावशीच्या अंगाला बसत नव्हतं. खड्यासाठी ती तयार नव्हती. आणि ज्याच्यासाठी तयार झाली असती, ते तिला कुणी सांगत नव्हतं.

सुटीच्या दिवशी दुपारी मावशीनं बटणला हाक मारली. "तो तुझा पांढरा कोट आण. बाह्या हातभर लांब, कशात तरी बुडतील एक दिवस. मशीन चालवायला बंदी आहे, टाचण्या लावायला नाही."

शिवणाची खोली तशीच होती. खिडकीपाशी मशीन, भिंतीला खडूच्या बोटांचे डाग, दोरीवर कुणाचा तरी अर्धा कोट, एकाच बाहीचा. बटण हात पसरून उभी राहिली. मावशी स्टुलावर बसली, बारीक झाली होती, गळ्यात टेप, ओठांत टाचण्यांची रांग. ती बाही दुमडू लागली आणि खोलीत तो आवाज सुरू झाला. हुंऽ हुंहुं.

"मावशी, त्या ऑपरेशनचं..."

हुं. तुटक. म्हणजे तो विषय नको.

"अगं पण डॉक्टर म्हणतात..."

हुं हुं. आणखी तुटक. मनगटाशी टाचणी गेली.

बटणनं ओठ मिटले. उघड्या नळीवर बोलायचं नाही. महिनाभर ती घरात तशीच वावरत होती, मावशीवर श्वाससुद्धा पडू नये अशी. चहा द्यायचा आणि बाजूला व्हायचं. बोलायचं ते हवेचं, भाजीचं, शेजाऱ्यांच्या मांजराचं. आपल्या तोंडून एक शब्द उडाला तर ही आतून तुटून जाईल. नळीला तेवढं पुरतं. पण नळीचं झाकण आपण लावतो. हिचं झाकण कधी लागणार होतं, आणि कोण लावणार होतं? तिकडे आत पडलेले ते टाके काही आपल्या गप्प बसण्यानं थांबणार नव्हते. तिनं आपल्या डोळ्यांनी ती रेघ उठताना पाहिली होती.

हुंकार थांबला होता. बटणनं खाली पाहिलं. मावशी ओठांतून एकेक टाचणी काढत होती आणि मनगटावरच्या उशीत खोचत होती. सावकाश, शेवटचीपर्यंत. मग तिनं ओठांवरून जीभ फिरवली.

"तुझी आई आजारी होती ना," ती म्हणाली, "तेव्हा सगळं घर असंच यायचं तिच्यासमोर. हात लांब करून, मान ताठ, जसं काही माप द्यायला उभे. हवेचं बोलायचे. मीसुद्धा. डॉक्टर काय म्हणाले ते तिला कुणी सांगितलं नाही शेवटपर्यंत."

"पण दादा म्हणतो, तिला कळलं म्हणूनच ती..."

"दादा तेव्हा एवढासा होता. तिला काही कळलं नव्हतं. भिंतीकडं तोंड करायची, कारण आमची तोंडं बघवायची नाहीत तिला. मला एकदा म्हणाली, ताई, भिंत तरी खोटं बोलत नाही." मावशीनं टेप गळ्यातून काढली, बोटांवर गुंडाळली, पुन्हा सोडली. "तुझे काका परवापासून त्याच त्या घड्याळांना किल्ली देतायत. दादा रोज फोन करून खड्याची चौकशी करतो. जन्मात त्यानं कधी माझ्या खोकल्याची चौकशी केली नाही. आणि तू. तू काल माझ्याकडं बघून हसलीस ना, बटण, ते हसू मी ओळखते. दात आवळून हसतेस तू."

बटणच्या हातांना कळ लागली होती. ते तिनं खाली सोडले. मनगटाशी टाचणी टोचली, तरी तिनं हात हलवला नाही.

मावशी स्टूल ओढून जवळ आली. तिनं आपला हात पुढे केला आणि तळवा बटणच्या हनुवटीखाली धरला. बोटांच्या टोकांना सुयांच्या जुन्या खुणा, तळव्याला खडूचा वास.

"माझं तोंड रिकामं झालं," ती म्हणाली. "आता तुझं. काय आहे तोंडात? काढ."

आणि मग तो आवाज, मिटल्या ओठांतून, पायऱ्या उतराव्या तसा, खाली, खाली. मी आहे.

"मावशी," बटण म्हणाली, "खडा नाही गं राहिलेला. कॅन्सर होता. पित्ताच्या पिशवीच्या अस्तरात, लहानसा, पण भिंतीत आत गेलेला. पिशवी काढली, पण त्यातला एखादा टाका शेजारी यकृतात पडलाय का, ते वरून कुणालाच सांगता येत नाही. म्हणून पुन्हा उघडायचं म्हणतात. लवकर. बरी होशील असं वचन मला देता येत नाही, पण आत्ता केलं तर आशा बरीच आहे, असं डॉक्टर म्हणालेत. आणि चांगल्यांच्या रांगेतून एक रेघ उठून गेली होती, ती तुझी होती, मावशी, मी ती माझी चूक समजून डब्यात टाकली, आणि नंतर कळल्यावरही देवाला म्हणत राहिले की माझीच चूक असू दे." तिच्या डोळ्यांतलं पाणी त्या तळव्यात पडत होतं आणि तळवा हलत नव्हता. "मला फार भीती वाटते. तू भिंतीकडं तोंड करू नकोस. माझ्याकडं बघ, आणि हो म्हण."